दुर्बिणीचा आरसा आणि सिरॅमिकची जागा

परावर्तक दुर्बिणीत प्रकाश एकत्र आणण्याचे काम अंतर्वक्र आरसा करतो आणि त्याच्या पुढच्याच पृष्ठभागावर अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढवलेला असल्यामुळे आरशाचे द्रव्य पारदर्शक असण्याची गरज उरत नाही. त्यामुळे घरी आरसा घासणाऱ्या हौशी खगोलप्रेमींनी काचेऐवजी सिरॅमिक का वापरू नये, हा प्रश्न रास्त ठरतो. त्याचा विचार करताना आरशाच्या द्रव्याकडून असलेल्या दोन अपेक्षा वेगळ्या काढाव्या लागतात: त्याने उत्तम झिलई घ्यावी आणि तापमान बदलले तरी घेतलेला आकार सोडू नये.

१५० मिलिमीटर व्यासाच्या व १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशाची मध्यावरची खोली जेमतेम १.१७ मिलिमीटर भरते. मात्र त्या वक्रतेतील चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे आठव्या हिश्शाच्या, म्हणजे ७० नॅनोमीटरच्या आत राखावी लागते. भाजलेल्या मातीतील स्फटिककण आणि छिद्रे याहून कितीतरी मोठी असतात, शिवाय कण आणि त्यांना सांधणारा काचमय भाग सारख्या वेगाने झिजत नाहीत. परिणामी कितीही घासले तरी पृष्ठभाग प्रकाश विखुरतच राहतो. वरचे ग्लेझ गुळगुळीत असले तरी त्याचा थर पातळ असल्याने वक्रता कोरतानाच ते निघून जाते.

दुसऱ्या अपेक्षेत साधी काच कमी पडते. तापमान एका अंशाने वाढले की ती दर दहा लाख भागांमागे सुमारे ९ भागांनी प्रसरण पावते, तर बोरोसिलिकेट काच ३.३ भागांनी. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लेआँ फूको यांच्या चाचणीत आरशाच्या वक्रताकेंद्रापाशी पात्याची धार सरकवून सावल्या पाहतात. साध्या काचेला काही क्षण बोट टेकवून ठेवले, तर बोटाच्या उष्णतेने आलेला फुगवटा त्या सावल्यांत स्पष्ट दिसतो.

या दोन्ही अपेक्षा काच-सिरॅमिक पूर्ण करते. काच ओतून नियंत्रित तापमानात तिच्यात स्फटिक वाढवले की हे द्रव्य तयार होते. जर्मनीतील शॉट कंपनीने १९६८ मध्ये विकसित केलेल्या झेरोडुरमधील स्फटिक तापल्यावर आकुंचन पावतात, उरलेली काच प्रसरण पावते आणि दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ रद्द करतात. स्फटिकही सुमारे ५० नॅनोमीटरचेच असल्याने झिलईत अडथळा येत नाही. चिलीतील व्हेरी लार्ज टेलिस्कोपचे ८.२ मीटर व्यासाचे आरसे याच द्रव्याचे आहेत.

झेरोडुर महाग असल्याने घरगुती आरशासाठी बोरोसिलिकेट काचच सोयीची ठरते, आणि भाजलेल्या मातीच्या फरशीचा उपयोग आरशाखाली होतो. आरशाच्या वक्रतेवर प्लास्टरची तबकडी ओतून तिच्यावर फरशीचे तुकडे इपॉक्सीने चिकटवतात आणि त्यांवर कार्बोरंडमची भुकटी व पाणी घालून काच घासतात. तुकड्यांमधल्या फटींतून पाणी आणि झिजलेली काच बाहेर पडते. पण बारीक भुकटीकडे वळण्यापूर्वी त्याच फटी कसोशीने धुवाव्या लागतात, कारण तिथे अडकलेला जाड भुकटीचा एखादा कणही आरशावर ओरखडा उमटवतो आणि तो काढण्यासाठी पुन्हा मागच्या टप्प्यापासून सुरुवात करावी लागते.