गुपित फुटले, जबाबदारी मात्र विरून गेली

१५ मार्च २०२५ रोजी अमेरिकी विमानांनी येमेनमधील हुथी बंडखोरांच्या ठिकाणांवर बॉम्बफेक सुरू केली. ही मोहीम अर्थातच गुप्त होती. तरीही पहिली विमाने आकाशात झेपावण्याच्या सुमारे अर्धा तास आधी हल्ल्याचे वेळापत्रक एका पत्रकाराच्या मोबाईल फोनवर येऊन पडले होते. ते पाठविणारी व्यक्ती कोणी हेर वा फितूर नव्हती. पाठविणारे होते खुद्द अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ.

‘सिग्नल’ ही कोणालाही फुकट मिळणारी संदेशसेवा. तत्कालीन राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मायकेल वॉल्ट्झ यांनी हुथींवरील कारवाईच्या चर्चेसाठी तीवर एक गट तयार केला. उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स, परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो, गुप्तचर यंत्रणांच्या प्रमुख तुलसी गॅबार्ड, ‘सीआयए’चे संचालक जॉन रॅटक्लिफ अशी मातब्बर मंडळी त्यात होती. १३ मार्च रोजी ‘द अ‍ॅटलांटिक’ या मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांचेही नाव त्यात घातले गेले. एक परका माणूस गटात बसून सारे वाचतो आहे, हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. १५ तारखेला वॉशिंग्टनच्या वेळेनुसार ११ वाजून ४४ मिनिटांनी हेगसेथ यांचा संदेश आला. एफ-१८ विमानांची पहिली तुकडी केव्हा निघणार, लक्ष्यावर केव्हा पोहोचणार, ड्रोन आणि टॉमहॉक क्षेपणास्त्रे केव्हा सुटणार, हे सारे त्यात मिनिटांच्या हिशेबाने दिलेले होते.

नाकारण्याची तऱ्हा

गोल्डबर्ग यांनी २४ मार्च रोजी हा प्रकार उघड केला. मात्र लष्करी तपशील त्यांनी आपणहून वगळला. युद्धाच्या योजना कोणीही पाठवीत नव्हते, असे हेगसेथ यांनी सांगितले. दुसऱ्याच दिवशी सिनेटच्या समितीपुढे गॅबार्ड आणि रॅटक्लिफ यांनी गटात गोपनीय असे काहीच नव्हते, अशी साक्ष दिली. सरकारच जर गोपनीय काही नाही म्हणते, तर तपशील छापण्यास हरकत ती कोणती? २६ मार्च रोजी मासिकाने वेळापत्रकासह ते संदेश प्रसिद्ध केले.

सिग्नलवरील संदेश वाटेत कोणाला सहजी वाचता येत नाहीत, हे खरे. पण ज्या फोनवर ते उमटतात तो फोनच सुरक्षित नसेल, किंवा गटात भलताच माणूस असेल, तर त्या कुलपाचा उपयोग काय? म्हणूनच अशा चर्चा खास सुरक्षित कक्षांत किंवा सरकारच्या बंदिस्त जाळ्यावर करण्याचा नियम आहे. हुथींकडे विमानविरोधी क्षेपणास्त्रे आहेत आणि त्यांनी अमेरिकेची अनेक ड्रोन पाडलेली आहेत. वेळापत्रक त्यांच्या हाती लागले असते, तर किंमत वैमानिकांनी मोजली असती.

दुसरा प्रश्न नोंदींचा. गटातील संदेश ठराविक मुदतीनंतर आपोआप पुसले जावेत, अशी व्यवस्था करण्यात आली होती. सरकारी कामकाजाच्या नोंदी जपून ठेवणे हे अमेरिकेत कायद्याने बंधनकारक आहे. न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी २७ मार्च रोजी संदेश जपण्याचा आदेश दिला खरा. पण ‘सीआयए’ संचालकांच्या फोनवर संभाषणाचा मजकूर उरलेला नसल्याचे पुढे न्यायालयात सांगण्यात आले. संदेशच उरले नाहीत तर दोष कोणावर ठेवायचा?

चौकशीचे फलित

सिनेटच्या सशस्त्र सेना समितीचे रिपब्लिकन अध्यक्ष रॉजर विकर आणि डेमोक्रॅट सदस्य जॅक रीड या दोघांनी मिळून पेंटॅगॉनच्या महानिरीक्षकांकडे चौकशीची मागणी केली. त्या पदावरील मूळ अधिकाऱ्याला ट्रम्प सरकारने जानेवारी २०२५ मध्येच, अन्य अनेक महानिरीक्षकांबरोबर, दूर केले होते. चौकशी केली ती हंगामी महानिरीक्षकांनी. हेगसेथ यांनी मुलाखत देण्यास नकार दिला आणि लेखी निवेदनावर बोळवण केली. संदेशांच्या प्रतीही अपुऱ्याच मिळाल्या, त्यामुळे चौकशी अधिकाऱ्यांना मासिकाने छापलेल्या मजकुराचा आधार घ्यावा लागला.

डिसेंबर २०२५ च्या प्रारंभी अहवाल प्रसिद्ध झाला. हेगसेथ यांनी पाठविलेली माहिती मध्य कमांडच्या ‘गुप्त’ असा शिक्का असलेल्या आणि परकीयांना दाखवू नये अशा ईमेलमधून आलेली होती. खासगी फोन आणि मान्यता नसलेली सेवा वापरून त्यांनी खात्याच्या नियमांचा भंग केला आणि सैनिकांच्या जिवाला धोका उत्पन्न होऊ शकला असता, असे अहवाल सांगतो. परंतु माहिती गोपनीय ठेवायची की खुली करायची, हे ठरविण्याचा अधिकार संरक्षणमंत्र्यांना आहे, असेही त्यात नमूद आहे. एवढ्या एका वाक्याचा आधार घेऊन आपण पूर्णपणे निर्दोष ठरलो, असे हेगसेथ यांनी जाहीर केले.

खरी मेख येथेच आहे. गोपनीयतेचा शिक्का मारण्याचा आणि तो पुसण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच हातून माहिती बाहेर गेली, तर ती ‘फुटली’ असे म्हणणार कोण? महानिरीक्षक फार तर शिफारशी करू शकतात. फौजदारी खटला भरणे न्याय खात्याच्या हाती, आणि त्या खात्याच्या तत्कालीन प्रमुख पॅम बाँडी यांनी मार्चमध्येच अशी चौकशी संभवत नसल्याचे सूचित केले होते. वॉल्ट्झ यांनी दूरचित्रवाणीवर संपूर्ण जबाबदारी स्वीकारली. मे महिन्यात त्यांचे पद गेले. पण लगेच संयुक्त राष्ट्रांतील राजदूतपदासाठी त्यांचे नाव पुढे आले आणि सप्टेंबरमध्ये सिनेटने त्यावर शिक्कामोर्तबही केले.

पायरीनुसार न्याय

खालच्या पायरीवरील माणसाचा अनुभव निराळा आहे. अमेरिकी नौदलातील क्रिस्टियन सॉसिअर या खलाशाने अणुपाणबुडीच्या अंतर्भागाची सहा छायाचित्रे आपल्या फोनवर काढली होती. २०१६ मध्ये त्याला एक वर्षाचा तुरुंगवास झाला. अध्यक्ष ट्रम्प यांनी २०१८ मध्ये त्याला माफी दिली, ती शिक्षा भोगून झाल्यावर. हवाई दलाच्या राखीव तुकडीतील जॅक टेशेरा या तरुणाने गुप्त कागदपत्रे इंटरनेटवरील गटात टाकली. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली. उलट, ‘सीआयए’चे माजी संचालक जनरल डेव्हिड पेट्रेयस यांनी गुप्त नोंदवह्या आपल्या चरित्रलेखिकेला दाखविल्या, २०१५ मध्ये त्यांची सुटका परिवीक्षा आणि एक लाख डॉलर दंडावर झाली.

ही प्रकरणे सर्वस्वी सारखी नाहीत. टेशेराने कागदपत्रे जाणूनबुजून उघड केली आणि सॉसिअरने पुरावा नष्ट केल्याचेही कबूल केले होते. हेतू पाहून शिक्षेत फरक करणे न्यायाला धरूनच आहे. मात्र हेरगिरीसंबंधीच्या १९१७ च्या अमेरिकी कायद्यात घोर निष्काळजीपणालाही गुन्हा मानलेले आहे, आणि तो मानताना पदाचा अपवाद केलेला नाही.

या दिरंगाईचा परिणाम सैनिकाच्या मनावर होतो. फोन बाहेर ठेवूनच सुरक्षित कक्षात शिरायचे, ही शिस्त त्याच्या अंगी बाणविली जाते. तीच शिस्त मोडणारा संरक्षणमंत्री चौकशीच्या अहवालानंतरही पदावर राहतो, हे तो पाहत असतो. येमेनवरील त्या हल्ल्यात अमेरिकेचा एकही वैमानिक दगावला नाही, ही दैवाची कृपा. पण दैवाने तारले म्हणून दोष नाहीसा होत नाही, आणि तो कोणाचा हे ठरविणारी यंत्रणा दोषी व्यक्तीच्या मर्जीवर चालत असेल, तर पुढच्या वेळी भरवसा केवळ दैवावरच ठेवावा लागेल.