धुराडें झाडण्यापूर्वीं

मृगाचा पाऊस येण्यापूर्वीं घर शाकारणें व सरपण आंत घेणें हें आपण शेतकरी चुकवीत नाहीं. धुराड्याकडे मात्र क्वचितच कोणी मान वर करून पाहतो. अंबरनाथ व उल्हासनगर या शहरांत हा प्रश्न फारसा उरला नाहीं. बदलापुराहून बारवी धरणाकडे जातांना लागणाऱ्या खेड्यांत मात्र, २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतरही, भाकरीस व आंघोळीच्या पाण्यास चूल पेटते. १९८३ सालीं सरकारनें सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, त्या धर्तीच्या नळाच्या चुलींविषयीं हें लिहीत आहें.

धुराडें कोंदलें कीं बांबूस चिंध्या बांधून वरून खुपसावयाचें, अशी रीत आहे. अडथळा कोठें व कशाचा हें न पाहतां तसें केलें, तर साळुंकीचें घरटें किंवा गिलाव्याचें ढेकूळ खालीं सरकून वळणावर घट्ट बसतें. काजळी निघालेली पाहून घरधनी समाधान पावतो. पुढें धूर घरांत कोंडला तर निदान डोळ्यांस कळतो. परंतु निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु दिसत नाहीं, त्यास वासही नाहीं. तो रक्तांत प्राणवायूची जागा बळकावतो, आणि पावसाळ्यांत दारें-खिडक्या लावून निजलेल्या कुटुंबास झोपेंतच मारूं शकतो. शेतांत न जातां पीकपाहणी लिहिणारा तलाठी आपणांस चालत नसे. मग येथें कां चालावें?

चूल पूर्ण निवल्यावर, दिवसाउजेडीं पाहणी करावी. प्रथम वैलाखालची राख काढावी; पुष्कळदां अडथळा तेथेंच सांपडतो. वरचें टोपण काढून तळाशीं आरसा तिरपा धरावा व आकाश दिसतें कां पहावें. वळणामुळें न दिसल्यास दोरीस दगड बांधून वरून सोडावा. तो अडेल तेथें दोरीस खूण करून तीच दोरी नळास बाहेरून लावली कीं जागा कळते. नुसता दगड तळास पोंचला म्हणून फसूं नये, कारण काजळीच्या थरांमधून तो सहज उतरतो. दगडाभोंवतीं चिंध्या गुंडाळून, नळाहून बोटभर लहान असा गोळा करावा.

घरट्यांत पिल्लें असल्यास तीं उडेपर्यंत अंगणांत तीन दगड मांडून भागवावें. जुने सिमेंटचे नळ पुष्कळदां ॲस्बेस्टॉसचे असतात; त्याचे तंतू फुप्फुसास घातक. तेव्हां त्यांस तारेचा ब्रश लावूं नये; ओल्या फडक्याचा बोळा हळू ओढावा. नंतर वैलाच्या तोंडाशीं कागद पेटवून धरावा. ज्वाला आंत ओढली गेली नाहीं, तर सरपण लावण्याची घाई न करतां पुन्हा आरसा घ्यावा.