डॉक्टर लागू आणि आपलं 'सोडून द्यावं का?'



सिंगापुरातल्या मराठी नाटकवेड्यांमध्ये कुणाची चाळिशी जवळ आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "डॉ. श्रीराम लागूंनी नाही का बेचाळिशीत डॉक्टरकी सोडली?" हे वाक्य साधारणपणे तालीम संपल्यावर, खाली कॉफी शॉपमध्ये तेह तारिकचा दुसरा ग्लास चालू असताना येतं. आमच्या ग्रुपमधला एक मित्र सध्या ते फारच मनावर घेऊन बसलाय. एका बँकेच्या प्रोजेक्टवर टीम लीड आहे, मुलगी प्रायमरी फोरमध्ये, आणि याला पुण्याला परत जाऊन पूर्णवेळ नाटक करायचंय. त्याच्याशी वाद घालता घालता मी लागूंची कारकीर्द जरा नीट, तारखा लावून पाहिली. ती आपण समजतो त्यापेक्षा बरीच वेगळी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

लागूंचा जन्म 16 नोव्हेंबर 1927 चा, साताऱ्याचा. शिक्षण पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये, नंतर नाक-कान-घशाचे सर्जन. कॉलेजात असल्यापासून नाटक चालूच होतं. पुढे भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये, म्हणजे पुणेकरांच्या पीडीएमध्ये, त्यांनी 1950 च्या दशकात कामं केली. मग जास्तीच्या शिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंड. त्यानंतर प्रॅक्टिस पुण्यात आणि आफ्रिकेत टांझानियातल्या ताबोरा गावी. म्हणजे हा माणूस आपल्यासारखाच परदेशात नोकरीधंदा करून राहिलेला. भारतात असताना पीडीए आणि मुंबईचं रंगायन इथे नाटक चालूच. आणि 1969 मध्ये वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'पासून ते पूर्णवेळ नट झाले.

आता हिशोब करा. कॉलेजपासून 1969 पर्यंत जवळजवळ वीस वर्षं हा माणूस दोन्ही डगरींवर पाय ठेवून होता. आपण मात्र गोष्ट सांगताना ही वीस वर्षं गाळतो आणि थेट उडीवर येतो! त्या वीस वर्षांत त्यांनी हौशी रंगभूमीवर आवाज, शब्दोच्चार, पाठांतर सगळं घोटून घेतलं होतं. उडी मारली तेव्हा खाली पाणी किती आहे ते त्यांना ठाऊक होतं. माझा मित्र म्हणतो, "मग माझीही झाली की दहा वर्षं." झाली, पण वर्षाला दोन प्रयोग, तेही गणपती आणि दिवाळीला. (हे त्याला तोंडावर सांगितलंय, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही.)

आणखी एक फरक. लागू आधी परत आले, पुण्यात बस्तान होतं, मग त्यांनी व्यवसाय सोडला. इथे एम्प्लॉयमेंट पासवर असलेल्या माणसाने राजीनामा दिला की पास रद्द होतो, त्यावरचे बायको-मुलांचे डिपेंडंट पासही जातात, आणि साधारण 30 दिवसांत गाशा गुंडाळावा लागतो. पाण्याची खोली बघायला सुद्धा वेळ नाही.

असो. सोडल्यावर काय झालं ते जास्त महत्त्वाचं. 1970 हे एकच साल बघा. त्या वर्षी त्यांनी तेंडुलकरांचं 'गिधाडे' बसवलं आणि त्यात कामही केलं. सेन्सॉरने साडीवरच्या रक्ताच्या लाल डागावर आक्षेप घेतला, तर यांनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी जाहीर करून टाकलं की हा डाग लाल समजावा. नुकताच स्थिर धंदा सोडून आलेला माणूस पहिल्याच फटक्यात एवढं वादग्रस्त नाटक हातात घेतो, याचं मला फार कौतुक वाटतं. आपण असतो तर सेफ काहीतरी केलं असतं, एखादं कौटुंबिक विनोदी वगैरे.

आणि त्याच वर्षी डिसेंबरात गोवा हिंदू असोसिएशनचं 'नटसम्राट'. लेखक कुसुमाग्रज, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, कावेरीच्या भूमिकेत शांता जोग. गणपतराव बेलवलकर हा निवृत्त नट सगळं मुलांना वाटून देतो आणि मग त्यांच्याच घरात नकोसा होतो. शेक्सपियरच्या 'किंग लिअर'ची सावली त्यावर आहे हे आपण जाणतोच. लागू तेव्हा 43 वर्षांचे होते. त्र्याहत्तर वाटावा असा थकलेला देह आणि तरी जुन्या भूमिकांनी उसळणारा आवाज, हे दोन्ही एकाच अंगात दाखवायचं. घशाच्या डॉक्टरला त्या आवाजाचं यंत्र आतून माहीत होतं, हा विनोद जुना आहे, पण त्यात तथ्य असावं असं मला नेहमी वाटतं. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ही भूमिका केली, 2016 मध्ये नाना पाटेकर सिनेमात बेलवलकर झाले. तुलना ज्याची त्याने करावी.

खरं सांगायचं तर 'नटसम्राट' आपल्याला इथे बसून जास्त बोचतं. आपल्यापैकी किती जणांचे आईवडील वर्षातून दोन-तीन महिने येतात आणि पंधराव्या मजल्यावरच्या घरात लिफ्टची बटणं शिकतात! बेलवलकर तिथे परका होतो तो काही दुष्टपणामुळे नव्हे, घराची चाल वेगळी म्हणून. लागूंच्या कामात मुलीबद्दलचा राग कमी आणि गोंधळ जास्त दिसतो. त्यामुळेच नाटक रडारडीचं होत नाही.

सिनेमातही सुरुवात दणक्यात झाली. 1972 चा व्ही. शांतारामांचा 'पिंजरा': आदर्श शाळामास्तर तमाशाच्या फडात तुणतुणं धरून उभा राहतो. मग जब्बार पटेलांचा 'सामना', पटकथा तेंडुलकरांची, 1975 च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत. त्यात लागू दारुडे मास्तर आणि समोर साखरसम्राट हिंदूराव झालेले निळू फुले. मारुती कांबळेचं काय झालं, हा एकच प्रश्न धरून मास्तर सत्तेच्या मागे लागतो. चारच वर्षांनी 'सिंहासन'मध्ये उलटापालट: फुले बघणारे पत्रकार आणि लागू खुर्चीवर डोळा ठेवणारे अर्थमंत्री. हे दोन सिनेमे लागोपाठ बघा, म्हणजे दोघांची जुगलबंदी कळेल.

हिंदीत त्यांनी शंभराहून अधिक सिनेमे केले. 'घरौंदा'साठी फिल्मफेअर मिळालं, रिचर्ड अॅटनबरोंच्या 'गांधी'त ते गोखले झाले. पण बाकी ढिगाने वडील, डॉक्टर, वकील, जज. माझं मत स्पष्ट आहे: हिंदीने त्यांचा पांढरा कोट आणि पांढरे केस तेवढे वापरले. त्याने घर चाललं असेल आणि नाटक करायची मोकळीकही मिळाली असेल, तर तक्रार नाही. म्हणजे इथेही दुसरी डगर होतीच, फक्त दवाखान्याच्या जागी स्टुडिओ आला.

त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'लमाण'. माल इकडून तिकडे नेणारा. लेखकाने दिलेलं प्रेक्षकापर्यंत पोचवतो तो नट, एवढीच त्यांची स्वतःबद्दलची कल्पना. दुसऱ्यांचा डेटा इकडून तिकडे नेणाऱ्या आपल्याला हे नाव जवळचं वाटायला हरकत नाही. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी निळू फुले, तनुजा यांच्याबरोबर 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत गावोगाव फिरले तेही ह्याच भावनेतून असावं. देवाला निवृत्त करा असं जाहीर सांगणारा हा माणूस सत्तरी ओलांडल्यावर 1999 मध्ये मकरंद साठेंच्या 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये सॉक्रेटिस झाला.

मधल्या काळात त्यांचा मुलगा तन्वीर लोकलमधून जाताना बाहेरून कुणीतरी भिरकावलेला दगड लागून गेला. त्याच्या नावाने लागू आणि दीपाताईंनी 2004 पासून रंगभूमीवरच्या माणसांना 'तन्वीर सन्मान' द्यायला सुरुवात केली. 17 डिसेंबर 2019 ला पुण्यात लागू गेले, तेव्हा 92 वर्षांचे होते.