भोक पडलेला कोबी

मैत्रिणींनो, पाहुणे आले म्हणून कोणी कोबीची भाजी करत नाही. साधी, डब्यातली भाजी ती! पण एका गड्ड्याने मला चांगलाच धडा शिकवला.

बचत गटाच्या बैठकीसाठी धुळ्याजवळच्या एका गावी गेले होते. ज्यांच्या घरी बैठक, त्या वहिनींच्या वावरात कोबी छान भरला होता. निघताना मी म्हटलं, "वहिनी, एक गड्डा द्या, पैसे घ्या." त्या जरा गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, तो नका नेऊ. परवाच फवारा मारलाय. घरचा वेगळा लावलाय, त्यातला देते."

आधी रागच आला. मग आठवलं, बाजारात पानाला एक भोक दिसलं, तरी आपणच तो गड्डा बाजूला सारतो ना? फवारल्यावर अमुक दिवस काढणी करू नये, असं औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं. पण भाव आला की थांबतंय कोण?

जळगावला परतल्यावर अंगणात कोबी लावायचं ठरवलं. उत्साहाच्या भरात फेब्रुवारीत लावला. आपलं खानदेशातलं ऊन! नुसती पानं वाढली, गड्डा धरलाच नाही. कोबीला थंडी लागते, हे तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी गणपतीनंतर बी टाकलं. चार-पाच आठवड्यांनी रोपं दीड-दीड फुटावर लावली. खाली कुजलेलं शेणखत घातलं. कडेने मोहरी मात्र पंधरा दिवस आधीच पेरली होती. कोबीवरची अळी ज्या पतंगाची, तो मोहरीवरही अंडी घालतो, मावाही तिकडे वळतो. मोहरीवर कीड दिसली की तेवढी पानं काढून टाकायची. शिवाय ५० ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी गाळून, आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी फवारायची.

एक चूक तरीही झालीच. नळाला पाणी आलं की भरपूर द्यायचं, नाही आलं की झाडं कोरडी. त्यामुळे तयार झालेले दोन गड्डे तडकले. पाणी थोडं, पण नेमाने द्यावं. गड्डा हाताला घट्ट लागला की लगेच कापावा. लावणीपासून दोन-अडीच महिन्यांत कोबी तयार होतो. अंगण नसेल, तर मोठ्या कुंडीत एकेक रोप लावा.

पहिला गड्डा चिरायला घेतला, तर वरच्या पानांना भोकं आणि आत एक हिरवी अळी! मी चपापले. सासूबाई हसल्या, "अगं, अळीला चालतं ते आपल्यालाही चालेल." वरची पानं काढली, बाकीचा कोबी मिठाच्या पाण्यात बुडवून धुतला आणि पीठ पेरून भाजी केली. सोबत कळण्याची भाकरी. कढईत काही उरलं नाही!

आता मी बाजारातही एखादं भोक असलेला गड्डा मुद्दाम उचलते. भाजीवाली नवलाने बघते. पण मैत्रिणींनो, आपण सगळ्याच जणींनी असा उचलला, तर त्या वहिनींना घरचा आणि विकायचा कोबी वेगळा ठेवावा लागणार नाही. नाही का?