बेटावर दोन दिवस

बेट म्हणजे काय? चारही बाजूंनी पाणी आणि मध्ये जमीन, अशा जमिनीला बेट म्हणतात. आपल्या बीड शहरातले कंकालेश्वराचे देऊळ पुष्कळांनी पाहिले असेल. ते पाण्याच्या कुंडात उभे आहे. आता ते कुंड म्हणजे समुद्र समजा आणि देवळाच्या जागी डोंगर समजा. बेट कसे असते ते लगेच ध्यानात येईल.

असे एक बेट मुंबईजवळ आहे. त्याचे नाव घारापुरी. आमच्या गावच्या बचत गटातल्या बारा बाया २०२५ साली पाडवा झाल्यावर तेथे जाऊन आल्या. आमच्या सौभाग्यवतीही त्यांत होत्या.

एस.टी.ची चौकशी करायला त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा आम्ही म्हणालो, "देवदर्शन नाही, लग्नकार्य नाही. मग एवढ्या लांब कशाला?"

त्यांतल्या एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, आम्ही ऊस तोडाया पार कर्नाटकात जातो. तवा कुणी इचारीत न्हाई, कशाला जाता म्हणून. आता दोन दिस मैतरणींसंगं हिंडाया निघालो, तर समदे इचारतात."

आम्हाला उत्तर सुचले नाही. खरेच आहे. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई पहाटे उठून भाकरी करते, दिवसभर फडात मोळ्या बांधते आणि पुन्हा चुलीपुढे बसते. बैलाला पोळ्याच्या दिवशी विसावा मिळतो. बाईला कधी मिळतो? आम्ही चष्मा लावला आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आता जायचे कसे ते सांगतो. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एस.टी.च्या गाड्यांत बायांना अर्धे तिकीट झाले. शुक्रवारी रात्री बीडहून निघाले की शनिवारी सकाळी मुंबई. तेथे समुद्राच्या काठी गेटवे ऑफ इंडिया नावाची मोठी कमान आहे. ती १९२४ साली बांधून पुरी झाली. तिच्याजवळून घारापुरीच्या लाँच सुटतात. लाँच म्हणजे इंजिनाची मोठी होडी. बेटावर पोचायला सुमारे एक तास लागतो. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून शनिवार-रविवार धरावा. पावसाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा जाऊ नये.

समुद्राचे पाणी खारट असते. ते पिता येत नाही. ते दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी.

होडीतून उतरल्यावर पुढे सुमारे १२० पायऱ्या चढाव्या लागतात. वर लेणी आहेत. वेरूळची लेणी आपल्याला ठाऊक आहेत. तशीच ही एका खडकात कोरलेली आहेत. ती सुमारे चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वीची आहेत. शंकराची तीन मुखांची मूर्ती तर तीन माणसे एकावर एक उभी राहतील एवढी उंच आहे. एक मुख उग्र, एक शांत आणि एक बाईसारखे कोमल आहे. शेजारीच अर्धे अंग पुरुषाचे व अर्धे बाईचे अशी मूर्ती आहे. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "त्या मूर्तीपुढनं कुणी हलेना." १९८७ साली ही लेणी जगाच्या मोलाच्या ठेव्यांच्या यादीत घेतली गेली.

बेटावर माणसेही राहतात. तेथे तीन छोटी गावे आहेत. मुंबईचे दिवे समोर दिसत, पण बेटावर कायमची वीज नव्हती. २०१८ साली समुद्राच्या तळातून तार टाकून ती आणली.

पूर्वी बेटावर दगडाचा एक मोठा हत्ती होता. त्यावरून पोर्तुगीज लोकांनी बेटाला 'एलिफंटा' नाव दिले. तो हत्ती आता मुंबईत राणीच्या बागेत आहे. आमच्या बायांनी रविवारी तोही पाहिला आणि रात्रीची गाडी धरली.

आता जपायचे काय? १८ डिसेंबर २०२४ रोजी या वाटेवर नौदलाची वेगवान बोट प्रवाशांच्या होडीवर आदळली. पंधरा माणसे दगावली. म्हणून बुडू न देणारे जाकीट अंगात घातल्याशिवाय होडीत बसू नये. "दुसऱ्या कुणी घातलं न्हाई, मग मी कशाला?" असे म्हणू नये. ते मागून घ्यावे. फार भरलेल्या होडीत चढू नये. चढताना व उतरल्यावर माणसे मोजावी. बेटावर माकडे आहेत, म्हणून खाण्याची पिशवी हातात मिरवू नये. परतीची शेवटची होडी किती वाजता आहे, ते उतरताच विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट. प्रत्येकीने चिठ्ठी जवळ ठेवावी. तिच्यावर आपले नाव, गाव, दोन फोन नंबर आणि गाडीचा नंबर स्वतःच्या हाताने लिहावा. वाटेत एका बसथांब्यावर त्या आजी गर्दीत मागे पडल्या. गाड्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या. आजींनी कनवटीची चिठ्ठी काढली. एकेका गाडीचा नंबर लावून पाहिला आणि आपली गाडी शोधून वर चढल्या. आजी साठीनंतर अक्षर शिकल्या आहेत.

त्या दोन दिवसांत गावात काय झाले? पुरुषांनी धारा काढल्या, पोरांना जेवू घातले. आम्ही स्वतः भाकरी थापली. ती वेडीवाकडी झाली, पण पोट भरले. सोमवारी सकाळी बाया परत आल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या.

आजींना आम्ही विचारले, "काय आवडले?"

त्या म्हणाल्या, "होडीत बसलो तवा कुणी म्हणलं न्हाई, ऊठ, काम हाय."

बंधूंनो, घरातली बाई दोन दिवस मैत्रिणींबरोबर जाते म्हणाली, तर 'कशाला' असे विचारू नका. 'गाडी किती वाजता आहे' असे विचारा.