लाँग रोलमधली एक ओळ

फौजेत माणूस भरती झाला की त्याच्या नावाने एक शीट रोल उघडतो. नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, डाकघर, तालुका, जिल्हा, उंची, अंगावरची खूण, शिक्षण, लग्न झालं असेल तर बायकोचं नाव आणि आपल्यामागे पैसे कुणाच्या हाती द्यायचे ते. बढती, बदली, जखम, शिक्षा, पोराचा जन्म, जे घडेल ते आधी 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये निघतं आणि मग या कागदावर चढतं. जवान कधी लडाखात तर कधी नागालँडात. त्याचा कागद मात्र रेकॉर्ड ऑफिसात एका जागी बसलेला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बेळगावला, महार रेजिमेंटचा सागरला, तोफखान्याचा नाशिक रोडला, रणगाडेवाल्यांचा नगरला, बॉम्बे सॅपर्सचा खडकीला, गार्ड्सचा कामठीला. नौदलाच्या खलाशांची नोंद मुंबईत मानखुर्दला.

आजोबा कुठल्या लढाईत होते, याचा माग काढायला निघालेला नातू बहुधा या दारांपैकी एकापाशी पोचतो. हा कागद आठवण ठेवण्यासाठी लिहिलेलाच नाही, हे त्याने आधी समजून घेतलेलं बरं. तो पगार आणि पेन्शनचा हिशेब आहे. सरकार ज्याचं देणं लागतं त्याची नोंद चोख सापडते. ज्याचं देणं संपलं, त्याची नोंदही संपत जाते.

हे कसं, तर नियमानेच. पेन्शन न मिळालेल्या जवानाची सेवा-कागदपत्रं तो फौजेतून बाहेर पडल्यावर २५ वर्षं ठेवतात आणि मग नष्ट करतात. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज २५ लाखांवर गेली होती. युद्ध संपल्यावर १९४६-४७ मध्ये त्यातले बहुतेक जण थोड्याशा रकमेवर घरी आले. पेन्शनीइतकी नोकरी कुणाची झालेलीच नव्हती. म्हणजे १९७१-७२ च्या सुमाराला, पुढची एक लढाई नुकती संपत असताना, या मंडळींच्या कागदांची मुदत भरली. घरात तेव्हा कुणाला काही विचारायचं सुचलं नव्हतं. सुचेपर्यंत नातवंडं मोठी झाली.

तरी सगळं जात नाही. लाँग रोल नावाचं एक रजिस्टर राहतं. त्यात माणसामागे एक ओळ: नंबर, हुद्दा, नाव, भरतीची तारीख, बाहेर पडल्याची तारीख आणि कारण. पेन्शनीचे जुने दावे लष्करी न्यायाधिकरणात जातात, तेव्हा 'मूळ कागद मुदतीनंतर नष्ट केले, लाँग रोलनुसार मात्र अमुक तारखेला भरती, तमुक तारखेला डिस्चार्ज' असं उत्तर रेकॉर्ड ऑफिसकडून येतं. मला या रजिस्टराचं नवल वाटतं. बढतीचा आनंद नाही, इस्पितळ नाही, बायकोचं नाव नाही. पण अख्ख्या माणसाची एवढी ओळ का होईना, कुणीतरी फेकायची नाही असं ठरवलं.

ती ओळ काढायची तर नंबर हवा, आणि नंबराबरोबर पलटण हवी. पहिल्या महायुद्धाच्या काळात नंबर पलटणीचा असे. माणूस दुसऱ्या पलटणीत गेला की नंबर बदले. त्यात १९२२ साली सगळ्या पलटणींची नावंच फिरली. १०३वी मराठा लाइट इन्फन्ट्री ही पाचव्या मराठ्यांची पहिली बटालियन झाली, १०५वी दुसरी, ११०वी तिसरी, ११६वी चौथी आणि ११७वी पाचवी. त्यातली तिसरी १९५२ पासून २ पॅरा आहे. म्हणजे पणजोबा 'एकशेदहात' होते, आजोबा 'तीन मराठ्यात' होते आणि काका '२ पॅरा'त होते असं एखाद्या घरात सांगत असतील, तर तिघं एकाच पलटणीत होते. १११वी महार पलटण १९१७ ला उभी राहिली आणि १९२१ ला मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ला बेळगावात नव्याने उभी राहिली. आधीच्या महारांना शोधणाऱ्याने सागरला चिठ्ठी धाडून उपयोग व्हायचा नाही.

नंबर सापडण्याची सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे माळ्यावरची पत्र्याची ट्रंक. तिच्यात डिस्चार्ज बुक असतं, नाहीतर पदक. पदकाच्या चेहऱ्यावर राजा असतो, तो सगळ्यांना सारखाच. वाचायचं ते काठावर. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाची कड भिंगाखाली फिरवली की इंग्रजी ठशात नंबर, हुद्दा, नाव, पलटण गोल फिरत येतं. हिंदी फौजेला दुसऱ्या महायुद्धाचीही पदकं नाव कोरून मिळाली. खुद्द इंग्लंडातल्या शिपायांना बिननावाची. अर्थात चांदीचं पदक असेल तर ते कुठल्या तरी दुष्काळात सोनाराकडे गेलेलं असण्याची शक्यता बरीच. डिस्चार्ज बुकात 'कोकणी मराठा' की 'डेक्कनी मराठा' हेही लिहिलेलं सापडतं, कारण इंग्रजांची भरतीच जात आणि मुलूख पाहून चाले. वय अंदाजपंचे. चारित्र्याचा शेरा मात्र अगदी सावधपणे निवडलेला.

दुसऱ्या महायुद्धातल्या बिनपेन्शनवाल्यांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मानधन देतं. त्या निमित्ताने अनेक ट्रंका उघडल्या, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांच्या टेबलांवर पिवळी पडलेली बुकं आली. पैशाचा मार्ग धरला की माणूस सापडतो, असं म्हणतो ते यामुळे. याच मार्गात विधवांची अडवणूकही होते. नवऱ्याच्या कागदावर 'लक्ष्मी', आधारवर 'लक्ष्मीबाई', रेशनकार्डावर माहेरचं 'सोनाबाई'. तिघी एकच आहेत याचं प्रतिज्ञापत्र करून म्हातारी तालुक्याच्या ठिकाणी स्टॅम्पपेपरच्या रांगेत उभी राहते.

'लंडनला सगळं असेल' हा आपल्याकडचा एक जबरदस्त समज. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत हिंदी फौजेच्या अधिकाऱ्यांच्या फायली आहेत. साध्या शिपायाचा कागद पलटणीबरोबर इथेच राहिला. आणि खुद्द इंग्रज शिपायांचे कागद तरी कुठे वाचले? सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्ब लंडनच्या गोदामावर पडले आणि पहिल्या महायुद्धातल्या निम्म्याहून जास्त फायली जळाल्या. अमेरिकेत १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसला आग लागली, तिथेही तेच.

मेलेल्यांची वही वेगळी. ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडे असते. ही संस्था १९१७ ची, आणि मरणात हुद्दा, जात, धर्म पाहायचा नाही हे तिचं ब्रीद. फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून जास्त हिंदी नावं कोरलेली आहेत. पण मराठे जास्त संख्येने गेले ते मेसोपोटेमियात. १०३वी, ११०वी आणि ११७वी, तिन्ही मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, मग शरणागती, मग वाळवंटातून पायी कैद. तिथल्या मृतांसाठी बसऱ्याला स्मारक झालं. त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं आली; शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा. युरोपात नाव, आशियात आकडा. कमिशनच्या समितीने २०२१ मध्ये ही चूक अहवालात कबूल केली आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. ती नावं आता कमिशनच्या यादीत शोधता येतात.

शोधताना हट्ट धरू नये. 'सावंत' तीन प्रकारे लिहिलेलं असेल. नोंदीत रायगड नाही, कुलाबा असेल. सिंधुदुर्ग नाही, रत्नागिरी किंवा सावंतवाडी संस्थान. सांगलीकराने साताऱ्यातही पाहावं. १० जुलै १९४४ ला इटलीत पडलेले व्हिक्टोरिया क्रॉस विजेते नाईक यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातले, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यातले. त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. एवढ्या लांब जाणं जमत नसेल तर पुण्यात खडकीची युद्धदफनभूमी आहे. जहाजावर गेलेल्या कोकण्यांसाठी मुंबईत मशीद बंदरजवळ स्मारक आहे; पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांची नावं तिथे आहेत, आणि तिथे फारसं कुणी फिरकत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत तर पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचा स्तंभ गावातच.

शिक्षेचा कागदही कधी कामाला येतो. १९४६ च्या नाविक उठावात भाग घेतला म्हणून ज्यांना नौदलातून हाकललं, त्यांच्याजवळ बडतर्फीचा दाखला तेवढा उरला. पुढे हा उठाव स्वातंत्र्यसैनिक पेन्शनीच्या यादीत आला, आणि ज्या कागदाने नोकरी गेली तोच कागद पुरावा ठरला.

जुना जोडीदार शोधायचा तर रेकॉर्ड ऑफिस फारसं उपयोगी नाही. दुसऱ्याचा पत्ता ते देत नाहीत, आणि माहितीच्या अधिकारात मागितला तर 'त्रयस्थाची खासगी माहिती' म्हणून नाकारतात. बरोबरच आहे ते. मग उरतात सीएसडी कँटीन, ईसीएचएसचा दवाखाना, माजी सैनिकांचे मेळावे आणि पलटणीचा वर्धापनदिन. तिथे चौकशीची रीत ठरलेली असते: कुठली पलटण, कुठली कंपनी, कुठल्या साली भरती, उस्ताद कोण होता. आडनाव सगळ्यात शेवटी, कारण लंगरातल्या दहा जणांत चार पाटील असायचे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेसमोर रांग लागे, तेव्हाही अशा पुष्कळ गाठी पडत. आता पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेवर गेली आणि चेहरा मोबाईलला दाखवला की दाखला घरबसल्या होतो. गुडघ्यांची सोय झाली. जोडीदाराची खबर काढायला मात्र आता मुद्दाम कँटीनला जावं लागतं.