सौताड्याचा कडा आणि दूरचं बेट

बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत कोसळते. तिथला काळा कडा म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा! इथल्या बालाघाट डोंगररांगेतला भोकाभोकांचा दगड हातात घेऊन पाहा: लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या त्या खुणा, काहींत पांढरे स्फटिक भरलेले असतात. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते हा लाव्हा ओकणारा तप्तबिंदू आज हिंदी महासागरात रेयुनियन बेटाखाली आहे. भारत उत्तरेला सरकला, तो मागे राहिला. त्या बेटावर हिरव्या दऱ्या, धबधबे आणि उजाड लाव्हापठार शेजारी शेजारी दिसतात. तिथला पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी अजूनही धगधगतो. इकडे बीडच्या विहिरींत मुरमाखाली लागणारा पाषाणही लाव्हाचाच. पाणी मुरतं ते त्याच्या भेगांत. अखंड खडक कोरडाच.